एर्दिगची हवेली : भिंतीवरचे नोकर आणि भिंतीखालची माणसे

१

ज्या घराचा इतिहास मी येथे मांडणार आहे, त्या घराशी माझे रक्ताचे, जमिनीचे किंवा ताबेदारीचे कसलेही नाते नाही. वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख. त्याच्या ईशान्य टोकाला, इंग्लंडच्या सीमेलगत, रेक्सहॅम नावाचे गाव आहे. कोळसा आणि लोखंड यांवर ते वाढले. या गावापासून दोनेक मैलांवर एर्दिग नावाची तीनशे वर्षांहून जुनी हवेली उभी आहे. माझी मुलगी लिव्हरपूलच्या एका इस्पितळात परिचारिका आहे. तिच्याकडे २०१९ साली गेलो असताना तिने मला ही हवेली दाखवायला नेले.

आम्ही तिकिटे काढली आणि समोरच्या दाराकडे वळलो. तेथून प्रवेश नव्हता. प्रेक्षकांनी मागच्या बाजूने आत यायचे, अशी या हवेलीची पद्धत आहे. आधी सुताराचा कारखाना, लाकूड कापायचा खड्डा, लोहाराची भट्टी, तबेला, धोबीखाना, भटारखाना, स्वयंपाकघर, नोकरांची बसायची खोली. आणि हे सारे पार केल्यावर मालकांचे दिवाणखाने. भोवतीचे लोक या योजनेचे कौतुक करीत होते. मला मात्र माझा आजा आठवला. तो वेसकर होता. गावच्या वाड्याची राखण त्याने हयातभर केली. पण वाड्याच्या चौकात किती खांब आहेत हे त्याला मरेपर्यंत ठाऊक नव्हते. समोरचे दार तर सोडाच, मागचे दारही त्याचे नव्हते. भाकरी मागायला उभे राहायचे ते भिंतीबाहेर, सावली पडणार नाही अशा बेताने.

तेव्हा एर्दिगच्या मागच्या दाराने आत शिरताना माझ्या मनात एकच प्रश्न होता. घराचा इतिहास म्हणजे कोणाचा इतिहास? ज्यांच्या नावावर ते असते त्यांचा, की ज्यांच्या पाठीवर ते उभे असते त्यांचा?

२

आधी मालकांची हकीकत सांगतो. ती थोडक्यात सांगता येते.

ही हवेली जोशुआ एडिसबरी नावाच्या एका जमीनदाराने १६८४ ते १६८७ या काळात बांधली. थॉमस वेब या गवंड्याशी त्याने बांधकामाचा करार केला होता. एडिसबरी डेन्बीशायर परगण्याचा शेरीफ झालेला होता आणि हुद्द्याला साजेसे घर हवे ही त्याची हौस होती. हौस मोठी, ऐपत लहान. घराने मालकाला खाल्ले. कर्ज वाढत गेले आणि अखेरीस घर हातचे गेले. १७१४च्या सुमारास जॉन मेलर याने ते घेतले. हा लंडनच्या चान्सरी न्यायालयातला बडा अधिकारी. त्याने दोन्ही बाजूंना इमारत वाढवली आणि सोनेरी-चंदेरी मुलाम्याचे सामान आणून ती भरली. मेलर अविवाहित होता. १७३३ साली तो वारला आणि घर त्याच्या भाच्याकडे, सायमन यॉर्ककडे, आले. तेव्हापासून १९७३पर्यंत, म्हणजे दोनशे चाळीस वर्षे, ते यॉर्क घराण्यात राहिले. या घराण्यातल्या वारसाचे नाव एक तर सायमन, नाही तर फिलिप. माणसे बदलत, नावे तीच राहत.

आता एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. एडिसबरीला कर्ज देणाऱ्यांत त्याचा एक शेजारी होता. त्याचे नाव एलिहू येल. येलचे घराणे याच भागातले. हा येल ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत मद्रासला गेला आणि १६८७ ते १६९२ या काळात सेंट जॉर्ज किल्ल्याचा अध्यक्ष होता. खाजगी व्यापारातून त्याने अफाट पैसा केला आणि त्याच आरोपांच्या गदारोळात त्याला पदावरून दूर करण्यात आले. मद्रासहून त्याने एडिसबरी कुटुंबाला लाखकामाचा एक पडदा आणि आंब्याचे लोणचे पाठवले होते. तो पडदा एर्दिगच्या मौल्यवान वस्तूंत गणला जातो.

लोणच्याची ही गोष्ट वाचकाला गोड वाटेल. पण ज्या किल्ल्यातून लोणचे निघाले त्याच किल्ल्यातून माणसेही निघत होती. १६८०च्या दशकात मद्रासच्या किनाऱ्यावरून माणसे गुलाम म्हणून जहाजांवर चढवली जात होती, आणि ज्या सभेत त्याचे हुकूम निघत त्या सभेत येल बसत होता. दुष्काळात पोटासाठी विकली गेलेली, पळवून आणलेली ही माणसे कोणत्या जातींची असतील, हे सांगायला आपल्याला कोणा संशोधकाची गरज नाही. दुष्काळात आधी कोण विकले जाते हे आपल्या वस्त्यांना माहीत आहे.

पुढे याच येलने अमेरिकेतल्या एका लहान विद्यालयाला नऊ गठ्ठे माल, ४१७ पुस्तके आणि राजाचे एक चित्र दिले. १७१८ साली त्या विद्यालयाने त्याचे नाव घेतले. आज ज्ञानाचे माहेरघर म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते येल विद्यापीठ हेच. येलचे एक तैलचित्र त्या विद्यापीठाच्या संग्रहात आहे. येल आणि त्याचे सगेसोयरे टेबलाभोवती बसले आहेत, आणि कडेला एक काळा मुलगा उभा आहे. मुलाच्या गळ्यात धातूचे कडे आहे, त्याला कुलूप आहे. मी त्या चित्राची छापील प्रत पाहिली, तेव्हा मला पेशवाईतले गळ्यातले मडके आठवले. मडके मातीचे आणि कडे धातूचे, एवढाच फरक.

३

एर्दिगची कीर्ती मात्र तिच्या मालकांमुळे नाही. ती आहे नोकरांच्या चित्रांमुळे.

फिलिप यॉर्क पहिला याने १७९०च्या दशकात डेन्बीच्या जॉन वॉल्टर्स या चित्रकाराला बोलावून आपल्या नोकरांची तैलचित्रे काढून घेतली. लोहार विल्यम विल्यम्स, सुतार एडवर्ड प्रिन्स, शिकारखान्याचा राखणदार जॅक हेन्शॉ, स्वयंपाकघरातला गडी जॅक निकोलस. मोलकरीण जेन एब्रेल हिचे चित्र १७९३चे. तेव्हा ती सत्त्याऐंशी वर्षांची होती. हातात केरसुणी, डोक्याला टोपी, आणि चेहऱ्यावर साऱ्या आयुष्याचा शीण. प्रत्येक चित्रावर मालकाने स्वतः रचलेली पद्ये आहेत. त्यांत त्या नोकराचा स्वभाव, त्याची चाकरी, त्याची खोड हलक्याफुलक्या भाषेत सांगितली आहे. पुढच्या पिढ्यांनी हा रिवाज चालू ठेवला. १८३०मध्ये आणखी चित्रे झाली. छायाचित्राची कला आल्यावर १८५२ साली नोकरांचा समूह घराबाहेर उभा करून टिपला गेला, आणि नंतरही असे फोटो निघत राहिले.

ज्या काळात युरोपातले उमराव आपल्या घोड्यांची आणि कुत्र्यांची चित्रे काढून घेत, त्या काळात एका जमीनदाराने सत्त्याऐंशी वर्षांच्या झाडूवालीला चित्रकारासमोर बसवले, तिचे नाव लिहिले, वय लिहिले. ही गोष्ट लहान नाही. ती मी नाकारणार नाही. आपल्याकडच्या किती वाड्यांत झाडणाऱ्याचे नाव भिंतीवर आहे? सरदारांच्या बखरी आहेत, कैफियती आहेत, वंशावळी आहेत. त्यांत महार-मांगांचा उल्लेख येतो तो बहुधा बलुत्याच्या यादीत किंवा गुन्ह्याच्या नोंदीत. माझ्या आजाचे चित्र नाही, फोटो नाही. त्याचे वयसुद्धा आम्ही दुष्काळांवरून मोजले.

पण नाकारत नाही म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत असे नव्हे. या चित्रांत चेहरा नोकराचा आहे आणि शब्द मालकाचे आहेत. जेन एब्रेलबद्दल फिलिप यॉर्क काय म्हणतो ते भिंतीवर आहे. फिलिप यॉर्कबद्दल जेन एब्रेल काय म्हणत होती ते कोठेही नाही. मालक नोकराची थट्टा करतो आणि ती पिढ्यान्पिढ्या टिकते. नोकरानेही मालकाची थट्टा केली असेल, स्वयंपाकघरात भांडी घासताना नक्कीच केली असेल, पण ती धुराबरोबर वर गेली.

हा फिलिप यॉर्क इतिहासकारही होता. १७९९ साली त्याचा वेल्सच्या राजवंशांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. म्हणजे एकाच लेखणीतून राजांसाठी वंशावळ उतरली आणि नोकरांसाठी गमतीची पद्ये उतरली. राजाला पूर्वज असतात, नोकराला फक्त खोडी असतात. इतिहासाची ही वाटणी आपल्या परिचयाची आहे.

४

या चित्रांत एक चित्र वेगळे आहे. ते बाकीच्यांपेक्षा जुने आहे. त्यात हातात शिंग घेतलेला एक काळा मुलगा आहे. मेलरच्या घोडागाडीवरचा पोरगा अशी त्याची ओळख या घराने जपली. फिलिप यॉर्कने याही चित्रावर पद्य लिहिले. लोहाराचे, सुताराचे, मोलकरणीचे नाव त्याला माहीत होते. या मुलाबद्दल आपल्याला फारशी माहिती नाही, तो येथे राहत होता आणि मेलरसाठी शिंग फुंकीत होता, एवढेच तो नोंदवतो.

येथे नोकर आणि गुलाम यांच्यातला फरक उघडा पडतो. जेन एब्रेल गरीब होती, पण ती जेन एब्रेल होती. तिला गाव होते, नाते होते, चर्चच्या नोंदवहीत जागा होती. त्या काळ्या मुलाचे नाव दोन पिढ्यांतच नाहीसे झाले. श्रमाचे शोषण वेगळे आणि माणूसपणाचा नकार वेगळा. दोन्ही एकाच छपराखाली नांदू शकतात, तरी ते एक नव्हेत.

आपल्यातले काही मित्र सांगतात की शेवटी सारे एकच आहे, गरीब आणि श्रीमंत. त्यांनी ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. एर्दिगच्या स्वयंपाकिणीने शिजवलेले अन्न मालक खात होता. मोलकरणीने अंथरलेल्या बिछान्यावर मालकीण झोपत होती. हुद्दा होता, अपमान होता, पण विटाळ नव्हता. जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. आमच्या गावच्या वाड्यातही नोकर होते. स्वयंपाकाला एक जात, पाणी भरायला दुसरी, घोड्याला तिसरी. ते सगळे वाड्याच्या आत होते आणि माझा आजा बाहेर. आतल्या नोकरालाही बाहेरच्या माणसाचा विटाळ होत होता. या पायऱ्या एर्दिगला नव्हत्या.

म्हणूनच महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा आपल्या दुःखाचे नाते त्यांनी विलायतेतल्या नोकरांशी जोडले नाही. ते अमेरिकेतल्या काळ्या गुलामांशी जोडले, आणि त्यांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना ते पुस्तक अर्पण केले. एर्दिगच्या भिंतीवर आपला भाऊ शोधायचा तर तो त्या शिंगवाल्या मुलातच सापडतो.

५

स्त्रियांच्या दोन हकीकती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिली एलिझाबेथ रॅटक्लिफची. ही अठराव्या शतकात यॉर्क कुटुंबाच्या मालकिणीची परिचारिका होती. हातात विलक्षण कला. तिने १७६७ साली चिनी पॅगोड्याची आणि १७७३ साली पाल्मिराच्या भग्न अवशेषांची प्रतिकृती केली. शिंपला, अभ्रक, कातडी कागद यांतून बनवलेले ते नाजूक काम आजही त्या घरात आहे. नोकर स्त्रीची प्रतिभा इतकी जपली गेली याचा आनंद वाटतो. पण तिने घडवले काय? चीनचा पॅगोडा आणि पाल्मिराचे अवशेष. म्हणजे जे त्या काळच्या श्रीमंतांच्या गप्पांत होते ते. स्वतःच्या खोलीचे, स्वतःच्या दिवसाचे रूप ती घडवू शकली असती. त्याला गिऱ्हाईक नव्हते. प्रस्थापितांच्या आश्रयाने कला वाढते तेव्हा तिचे विषय कोण ठरवतो, हा प्रश्न आपल्या तमासगिरांना, पोतराजांना आणि लेखकांनाही लागू आहे.

दुसरी हकीकत एलन पेंकेथची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस ही एर्दिगची स्वयंपाकीण आणि घरव्यवस्थापक होती. दुकानदारांची बिले भागवण्याचे काम मालकिणीने तिच्यावर सोपवले होते. हिशेबात घोळ निघाला आणि पाचशे पौंडांच्या चोरीचा आरोप तिच्यावर ठेवला गेला. १९०७ साली रूथिनच्या न्यायालयात खटला चालला. ज्यूरीने तिला निर्दोष ठरवले. पण मालकिणीच्या लेखी ती चोर ती चोरच राहिली.

नोकरांवर प्रेम करणारे घर म्हणून ज्याची ख्याती, त्या घराने या बाईला भिंतीवर जागा दिली नाही. प्रेमाची अट येथे कळते. नोकर इमानी असेपर्यंत, म्हातारा होईपर्यंत, मुकाट असेपर्यंत त्याचे चित्र निघते. तो आरोपीच्या पिंजऱ्यातून का होईना, पण समोर उभा राहून उत्तर देऊ लागला की चित्रकार येत नाही. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घराने तिला दोषी ठरवले आणि कायद्याने सोडले. मालकाच्या मायेपेक्षा कायद्याचा कोरडा कागद दुबळ्याच्या अधिक उपयोगी पडतो, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना वेगळे सांगायला नको.

६

आता भिंतीखालच्या माणसांकडे येतो.

रेक्सहॅमच्या आसपास जमिनीच्या पोटात कोळसा. एर्दिगच्या शेजारी बर्शमची खाण होती. १९४७ साली ब्रिटनमधल्या खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या आणि त्यानंतर कोळशासाठी खोदलेले बोगदे थेट हवेलीच्या खालून गेले. घर खचू लागले. ते जवळजवळ पाच फूट खाली गेले. भिंतींना तडे, छपरांना भोके, सोनेरी पलंगावर पावसाचे पाणी. तेव्हाचा मालक सायमन यॉर्क चौथा एकलकोंडा होता. त्याने १९६६ साली मरेपर्यंत घरात वीजसुद्धा येऊ दिली नाही. त्याच्यानंतर त्याचा भाऊ फिलिप आला. तोही अविवाहित. १९७३ साली त्याने घर नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकले. कोळसा मंडळाने नुकसानभरपाई दिली, काही जमीन विकली गेली, डागडुजी झाली आणि १९७७ साली हवेली लोकांसाठी उघडली. १९७८ साली फिलिप वारला आणि घराणे संपले. १९८६मध्ये बर्शमची खाणही बंद झाली.

घर खचले याची हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली आहे. पण त्याच परिसरात, रेक्सहॅमच्या पलीकडे काही मैलांवर, ग्रेसफर्डची खाण होती. २२ सप्टेंबर १९३४च्या पहाटे तेथे स्फोट झाला. २६६ माणसे मेली. त्यांपैकी अकरा प्रेते बाहेर आली. बाकीची माणसे आत असतानाच खाणीचे तोंड बंद करण्यात आले. ती आजही तेथेच आहेत. पाळी पुरी भरली नाही म्हणून मेलेल्यांच्या मजुरीतून त्या उरलेल्या वेळेचे पैसे कापले गेले. चौकशी झाली आणि व्यवस्थापनाला शिक्षा झाली ती नोंदी नीट न ठेवल्याबद्दल, किरकोळ दंडाची. त्या चौकशीत खाणकामगारांची बाजू स्टॅफर्ड क्रिप्स यांनी मांडली होती. हेच क्रिप्स १९४२ साली योजना घेऊन हिंदुस्थानात आले आणि अस्पृश्यांच्या पदरात त्या योजनेने काही टाकले नाही म्हणून बाबासाहेबांनी तिच्यावर टीका केली.

एका बाजूला मूठभर नोकर. त्यांची नावे, वये, चित्रे, पद्ये. दुसऱ्या बाजूला जमिनीखाली अडीचशेहून अधिक माणसे. दोन्ही एकाच तालुक्याचा इतिहास. पहिला पाहायला तिकीट काढून लोक येतात. दुसऱ्याच्या जागी खाणीचे एक चाक स्मारक म्हणून उभे आहे. मुलीला म्हणालो, तेही दाखव. आम्ही संध्याकाळी तेथे गेलो. कोणीतरी ताजी फुले ठेवून गेले होते.

७

वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर पेन्रिन नावाचा आणखी एक प्रचंड वाडा आहे. त्याचे मालक पेनंट घराणे. जमैकातले उसाचे मळे आणि वेल्समधली पाटीच्या दगडाची खाण या दोहोंवर ते गबर झाले. १८३३च्या कायद्याने गुलामगिरी रद्द झाली तेव्हा या घराण्याला ७६४ गुलामांबद्दल १४,६८३ पौंड भरपाई मिळाली. गुलामांना काही मिळाले नाही. त्याच घराण्याच्या खाणीत १९०० साली दोन हजार आठशे कामगारांनी काम थांबवले. मागणी होती संघटनेच्या हक्काची. लढा तीन वर्षे चालला. त्या काळात संपकऱ्यांच्या घरोघरी खिडकीत एक छापील पाटी लागली होती. वेल्श भाषेत तिच्यावर लिहिले होते, “या घरात फितूर नाही.”

कामगार उपासमारीने हरले. पण मला एर्दिगच्या साऱ्या तैलचित्रांपेक्षा ती पाटी मोलाची वाटते. तिच्यावर मालकाचे शब्द नव्हते. स्वतःच्या घराची ओळख लोकांनी स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या खिडकीत लावली होती. दलित साहित्याने केले ते हेच. आमच्यावर दयेने लिहिलेले पुष्कळ होते. आम्ही लेखणी घेतली तेव्हा भिंतीवरचा चेहरा बोलू लागला.

परत आल्यावर मी गावी गेलो. वाडा पडला आहे. मालकांच्या वारसांनी चिरे विकले. वेसकीही गेली. वतनाची ही बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक आणले होते. पुढे १९५८च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. पण वाड्याच्या वेशीकडच्या भिंतीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक कोनाडा अजून शाबूत आहे. वस्तीतल्या एका म्हाताऱ्या चुलतीने सांगितले, की शिळ्या भाकरी त्यात ठेवीत आणि हाक मारून आत निघून जात. आजा मग पुढे होई.

मी तो कोनाडा मोजला, वहीत उतरवला, चुलतीचे बोलणे तिच्याच शब्दांत लिहून घेतले. महाराष्ट्रात असे वाडे हजारांनी आहेत आणि असे कोनाडे सांगणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी येत्या सुटीत आपापल्या गावी एवढे तरी करावे. वतनाचे कागद तलाठ्याच्या दप्तरात असतील ते पाहावेत. वेसकी कोणाकडे होती, पाळी कशी होती, बलुते किती आणि ते कोठे उभे राहून घ्यायचे, हे म्हाताऱ्यांना विचारावे. आणि प्रत्येकाचे नाव लिहावे. माझ्या वहीत पहिले नाव माझ्या आजाचे आहे : सखाराम, वेसकर.